सळया सोडलेली गच्ची

मंगळवार, संध्याकाळ. बदलापूर.

सिलॅबसच्या मीटिंगमध्ये आज भांडलेच मी. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आपण दरवेळी तोच प्रोजेक्ट देतो, वांगणीत वीकेंड बंगला. मोकळा प्लॉट, भरपूर पैसा. असं गिऱ्हाईक आमच्या किती मुलांना मिळणार? त्याऐवजी मी सुचवलं, ज्यांना आज एकच मजला झेपतो आणि दुसरा पुढे कधीतरी, अशा कुटुंबाचं घर. जांभूळ गावात आईचं आहे तसं. गच्चीवर कॉलमच्या सळया वर सोडलेल्या, गंजू नयेत म्हणून त्यांवर उलट्या बाटल्या.

आमचे विभागप्रमुख साठे सर म्हणाले, "अर्धवट घर शिकवायचं? मार्क कसे देणार?"

"वरचा मजला चढवताना खालच्यांना घर सोडावं लागलं, तर कापायचे." आवाज चढलाच माझा. का चढतो?

सरांनी प्रोजेक्टची यादी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "अंबरनाथला आमच्याही गच्चीवर सळया आहेत. मुलीसाठी सोडल्यात. जिना कुठून काढायचा, ते मात्र ठरवायचंच राहिलं." आणि स्वतःच बंगल्यावर काट मारली.

घरी आल्यावर आईला फोन केला. पुढच्या टर्मला मुलं आपली गच्ची मोजायला येतील, म्हटलं.

"मंग सळयांना बांधलेली कपड्यांची दोरी काढून ठेवू का?"

राहू दे, म्हटलं. वरचा मजला झाल्यावर कपडे कुठे वाळत घालायचे, तेही त्यांनाच सांगू दे.