दोन कात्र्या, एक डोकं

ताई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं टेकतो. आम्ही सगळे ठणठणीत. तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि जिन्याखाली फुकट राहणारी ती मांजर (झाली का मोकळी?) यांची खुशाली कळव. हे सगळं फोनवर का नाही विचारलं, म्हणशील. अगं, फोनवर तुझ्या लेकाचं नाव काढलं की तुझ्याकडे दूध उतू जातं. सकाळी जातं, दुपारी जातं, परवा तर जेवणं उरकल्यावर गेलं. पत्राला ती सोय नाही. फार तर फाडशील, पण मला खात्री आहे, आधी वाचशील.

तर निकाल आधी सांगतो, हकीकत मागून. चिरंजीव सुखरूप आहेत, दोन्ही वेळा जेवतात, फक्त डोक्यावर केस नाहीत. घाबरू नकोस. आजार नाही, वैराग्य नाही. सलूनमध्ये गेले. म्हणजे माझ्याच.

त्यानं ती कायमची नोकरी सोडली आणि तू त्याला ‘परत तिथं रुजू होईपर्यंत मला फोन करायचा नाही’ असं बजावलंस, तेव्हापासून तो माझ्याकडे आहे हे तुला ठाऊक आहेच. दिवसभर दुकानातल्या शेवटच्या खुर्चीत (जिची कळ बिघडली आहे आणि जी आपोआप खाली बसते) लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो. मी एकदा विचारलं, बाबा रे, एवढी चांगली नोकरी, सोडलीस का? म्हणाला, तिथं एकाच माहितीत एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम हात घालायचे. कुणाचा हात आधी पोचला यावर उत्तर ठरायचं. सोमवारी बरोबर, मंगळवारी चूक, आणि साहेब म्हणायचे, बंद करून पुन्हा चालू करा. पोराला झोप लागेना. त्याला शुद्ध काम करायचं होतं. शुद्ध म्हणजे काय, तर एकच गोष्ट दिली की दर वेळी एकच उत्तर, आणि ते देताना बाकी कशालाही धक्का लावायचा नाही.

मी म्हटलं, मग आमचे उस्ताद बाद. (उस्ताद म्हणजे माझे जुने कारागीर. टीव्हीवरचा सामना जिंकला तर गिऱ्हाइकाचे केस एक तऱ्हेचे निघतात, हरला तर दुसऱ्या.) आणि धक्का न लावता केस कापायचे कसे? त्यावर तुझा लेक अगदी शांतपणे म्हणाला, “मामा, आम्ही जुन्या डोक्याला हातच लावत नाही. केस कापलेलं नवं डोकं तयार करतो. जुनं जसंच्या तसं राहतं.” शेजारच्या खुर्चीतले शिंपीदादा दाढीचा साबण तोंडाला असतानाच उठून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले.

आता मुख्य प्रकरण. गेल्या आठवड्यात त्याला एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथं सगळं शुद्ध पद्धतीनंच चालतं म्हणे. बोलावणं ऐन वेळी आलं आणि चिरंजीवांच्या केसांचं झालं होतं घरटं. उस्ताद हात चांगला चालवतात, पण एका डोक्याला त्यांचा अर्धा दिवस जातो. दुसरा कारागीर ‘वादळ’. त्याचं काम झटपट, पण कल्ले खालीवर. मी विचारात पडलो, तर हाच म्हणाला, दोघांनाही लावा. डावी बाजू उस्ताद, उजवी वादळ. दोन कामं एकमेकांवर अवलंबून नसली तर एकाच वेळी खुशाल करता येतात, कुणी आधी संपवलं, कुणी नंतर, फरक पडत नाही. अट एकच, ह्यानं त्याच्या बाजूकडे बघायचं नाही, त्यानं ह्याच्या. दोघांनी मान डोलावली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. उस्तादांनी वादळाच्या कुठल्याही गोष्टीला मान डोलावल्याचं दुकानाच्या इतिहासात नाही.

चष्मा काढून चिरंजीव खुर्चीत बसले. (चष्म्याविना त्याला आरसा आणि भिंत सारखेच.) डोळे मिटून, आपली पद्धत किती सुरक्षित आहे हे सांगत राहिले. पण ताई, सलूनमध्ये समोर आरसा असतो! न बघण्याची अट माणूस पाळेल, कारागीर कसा पाळणार? उस्तादांना दिसलं, उजवी बाजू बोटभर आखूड झाली. त्यांनी डावी तेवढी केली, वर कणभर जास्त. वादळानं मान वर केली, डावी आखूड! त्यानं उजवी घेतली, वर कणभर जास्त. दोघांचंही चुकत नव्हतं. जो तो समोर दिसेल त्याच्याशी जुळवत होता, आणि जुळवेपर्यंत समोरचं बदललेलं असायचं.

मी गल्ल्यावर होतो, पाठ त्यांच्याकडे. पण माझे कान तू जाणतेस. लांब केसांवर कात्री कच्च बोलते, आखूडवर कचकच, आणि कातडीजवळ आली की नुसती टिकटिक. दोन्हीकडून टिकटिक ऐकू आली तेव्हा मी ओरडलो, “अरे, थांबा!” दोघे थांबले. मधोमध कोंबड्याच्या तुऱ्यासारखा एक पट्टा उरला होता, कारण तो कुणाच्या हद्दीत येतो हे ठरलेलंच नव्हतं. तो मी स्वतः वस्तऱ्यानं उतरवला. उस्ताद म्हणाले, “ह्यानं आधी बघितलं.” वादळ म्हणाला, “म्हाताऱ्यानं बघितलं म्हणून मी बघितलं.”

तुझ्या लेकानं चष्मा लावला, आरशात बराच वेळ पाहिलं, आणि कुणावरही न चिडता म्हणाला, “चूक माझी आहे. मी काम वाटलं, पण आरसा सामाईक ठेवला.” मग माझी टोपी घालून मुलाखतीला गेला. ताई, ह्या पोराला तू हट्टी म्हणतेस. मी गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर संसार उभा केला, नाना डोकी पाहिली. स्वतःचं डोकं साफ झालं असताना दोष कुणाच्या हातात न शोधणारं हे पहिलंच. तुझ्या भावजयीनं त्या दिवशी त्याला दोनदा आग्रह करून वाढलं, यात सगळं आलं.

बाकी ठीक. दाजींना नमस्कार, मांजरीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. नोकरी मिळाली. टोपी का, असं त्यांनी विचारलं आणि ह्यानं सगळं सांगितलं. म्हणतो, एक साहेब हसता हसता खोलीबाहेर गेले. एक तारखेपासून रुजू. ही बातमी त्यानं अजून बाहेर कुणालाही दिलेली नाही. आधी आईला सांगायची म्हणतो, आणि आईनं तर फोन करायचा नाही म्हणून सांगितलंय.

ता. ता. क. आता खरं काम. हा पोरगा रोज दुपारी मागच्या खोलीत तुझा नंबर फिरवतो आणि घंटी वाजायच्या आत कापतो. बटणांचा सूर मला पाठ झालाय. आणि दुकानाच्या फोनवर रोज संध्याकाळी कुणीतरी फोन करून न बोलता ठेवतं, मागे दाजी खोकत असतात. तू त्यानं बोलावं म्हणून थांबलीस, तो तू बोलावं म्हणून. त्याच्या धंद्यात ह्याला डेडलॉक म्हणतात. कुणाचंच काही चुकलेलं नसतं, फक्त सगळं ठप्प होतं, आणि बाहेरच्या कुणीतरी एकाला ढोसावं लागतं. मी तुला ढोसतोय. रविवारी दहा वाजता तू फोन कर. त्याला मी सांगितलंय की त्या वेळी स्वतःहून फोन लावलास तर उस्तादांच्या ताब्यात देईन, आला तर मात्र उचलायचा. कारण दोघांनी एकदमच लावलात तर दोघांनाही एंगेज लागेल, आणि ‘माझ्याशी सोडून कुणाशी बोलत बसलाय’ म्हणून तुम्ही आणखी सहा महिने रुसाल.