कॉम्प्युटरची वाटणी आणि आण्णांची अकरा मिनिटं

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. उदयसिंह यास,

थोरल्या भावाचे, तू मागितले नसलेस तरी, अनेक आशीर्वाद. सौ. क्रांतीचे गुडघे कसे आहेत? जयसिंगपुरात सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. कारण शेताची वाटणी झाल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि मीही (खरं सांगायचं तर) दोनदाच केला. म्हणून हे पत्र.

तर झालं असं, की आपल्या कॉम्प्युटरवरचं विंडोज म्हातारं झालं. जुन्याचं औषधपाणी (म्हणजे अपडेट) बंद, आणि नवं आपल्या यंत्राला पेलत नाही. हे मी शेजारच्या भाऊसोंना सांगितलं, तिथंच फसलो. भाऊसो एस.टी.तून वायरमन म्हणून रिटायर झाल्यापासून, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचे भक्त झालेत. "फुकाट हाय, टाका की!" म्हणाले. लिनक्स एकच असेल अशी माझी भाबडी समजूत. तर त्यात उबुंटू वेगळं, मिंट वेगळं, फेडोरा वेगळं. एकाच तालमीतले पैलवान, पण एकमेकांचा रामराम घेत नाहीत. (आपल्याला तरी बोलायला कुठं तोंड आहे म्हणा!) पेनड्राइव्हवरून तिन्ही चालवून बघितली. एकात माझा जुना प्रिंटर रुसला, दुसऱ्यात मलाच काही सापडेना, शेवटी मिंट पसंत केलं, कारण भाऊसो उठायला तयार नव्हते.

तुझ्या वहिनीनं मात्र ठणकावलं, "माझी शिवणाची समदी डिझाइनं विंडोजात हाईत. त्येला हात लावायचा न्हाय." मग डिस्कची वाटणी करून दोघांनाही नांदवायचं ठरलं. आणि वाटणी आपल्या घरात एकाच रीतीनं होते: थोरल्यानं तुकडे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. मी दोन तुकडे पाडले, एक ऐसपैस, एक चिंचोळा. घरातले जुने फोटो, रेकॉर्डिंगं असलं सगळं जुनंपानं चिंचोळ्यात सारलं. शिवणाला कितीशी जागा लागते, म्हणून ऐसपैस मी मनात माझा धरला होता. पण तुझी वहिनी माझ्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणजे धाकटी तीच. तिनं सरळ ऐसपैसवर बोट ठेवलं.

मला असा राग आला म्हणून सांगू! त्या तिरमिरीतच चिंचोळ्यावर लिनक्स चढवलं. मध्येच पडद्यानं विचारलं, इथलं सगळं पुसू का? मी न वाचता होय म्हणालो.

लिनक्स झकास चालू झालं. मग आठवलं, जुन्यापान्यात आण्णांचं रेकॉर्डिंग होतं. त्यांच्या शेवटच्या गणपतीत तू मोबाइलवर केलेलं, अकरा मिनिटांचं. त्यातली नऊ मिनिटं बापाच्या शिव्या, त्या सगळ्या मलाच असं धरून मी ते कधी पुरतं ऐकलंच नव्हतं. उदय, मी त्या पडद्यासमोर बसून रडलो. (भाऊसोंना कळू देऊ नकोस, ते दुसरं लिनक्स सुचवतील.)

रडता रडता एक गोष्ट ध्यानात आली. शेतातला विहिरीकडचा तुकडाही मीच पाडला होता, मनात माझाच धरून. तू रीतीप्रमाणे उचललास. आणि तू लबाड आहेस असं गावभर सांगत फिरलो मी. चुकलं माझं.

तुझा थोरला,
हंबीरराव

ता. क. : त्या रेकॉर्डिंगची प्रत तुझ्याकडे असेलच. पेनड्राइव्हवर घालून दे. पोस्टानं नको, हरवेल. स्वतः घेऊन ये.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना तुझ्या वहिनीला हे कळलं. रेकॉर्डिंग पहिल्यापासून तिच्या मोबाइलात आहे. "मला इचारलं का तुमी?" म्हणाली. आत्ताच सगळी अकरा मिनिटं ऐकली. मला शिव्या सहाच मिनिटं आहेत, पुढची तीन तुला. आणि शेवटी आण्णा म्हणतात, "भांडा किती भांडायचं त्ये, पर जेवाय एका पंगतीला बसा की रं."

तेव्हा आता प्रत नको. रविवारी मोकळ्या हातानं ये.