अळणी किनारा

६ एप्रिल, रविवार
सूनबाईने, जुईने, माहेराहून, दापोलीहून आणलेली वाळू आज भिंगाखाली पाहिली. तीस वर्षं भूगोल शिकवला, समुद्र मात्र दोनदाच पाहिला, तोही सहलीतली पोरं मोजता मोजता. कण गोल, गुळगुळीत. मधे शिंपल्यांचा चुरा. लिंबू पिळलं तर फसफसली! महेश म्हणाला, "आई, रिटायर झालीस ना?"
बदलीच्या अर्जाचा कागद अजून चहाच्या डब्याखाली. जुई भरणार की नाही, बोलत नाही. दोघं एकाच शाळेत शिकवतात. ती कोकणात गेली की महेशही जाणार. मग राजूरला मी आणि माझं भिंग.

१० एप्रिल, गुरुवार
धीर करून जुईला विचारलं, इथे तुला काय कमी आहे? हसली. "काही नाही हो आई. वाळलेल्या कपड्यांना समुद्राचा वास येत नाही, एवढंच."
एवढंच म्हणे! विचारात भात करपला.
पण आपल्याकडे धरण आहे की. रविवारी न्यायचीच तिला.

१३ एप्रिल, रविवार
भंडारदरा, धरणाची मागची बाजू. पाणी ओसरलेला काठ. बराचसा गाळ नि गोटे, मधे पन्नासेक पावलं खरी वाळू. काळपट, जाड, पायाला टोचते. भिंगाखाली कण कोनाकोनाचे. लाटा एवढ्याशा, कणांना घासणार कोण? लिंबाला ढिम्म. शिंपले दोन, नखाएवढे. वारा सुटला की लाटा, पडला की संपल्या.
जुईने चप्पल काढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. "अळणी," म्हणाली. आजाऱ्याच्या आमटीबद्दल बोलावं तशी. फार वाईट वाटलं मला.
निघताना पाण्याच्या कडेला काठी रोवली. पौर्णिमा आहे. एवढ्या पाण्याला थोडी तरी भरती यायला नको?

१४ एप्रिल, सोमवार
जीपने एकटीच गेले. काठी कोरडी! पाणी दोन हात मागे. नाचायचीच बाकी होते. काठावर मासे तळणाऱ्या हौसाला बोलावून दाखवलं, ही बघ ओहोटी.
"कशाची व्हटी बाई! खाली पाट सोडलाय. उसाचं आवर्तन हाय. आनखी लई हटंल." वर आणि, "तुमीच शिकिवला न्हवं आमाला भूगोल?"
म्हणजे खाली उसाला तहान लागली की इथे ओहोटी. आणि भरती थेट पावसाळ्यात, वर्षातून एकदा. घरी सांगितलं. जुई पोट धरून हसली. लग्नाला दोन वर्षं झाली, तिला असं हसताना पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं. मागोमाग भीतीही वाटली, सवय झाली तर काय करू?

१८ एप्रिल, शुक्रवार. सुट्टी.
जुई आपणहून म्हणाली, "काठी बघायला जाऊ." काठीपासून पाणी आता बरंच लांब. तिने नव्या कडेला दुसरी काठी रोवली, फोटो काढला. घरी न्यायला पिशवीत वाळू भरली.
"आई, पाणी परत पहिल्या काठीला कधी लागेल?"
"जुलैत. पाऊस लांबला तर ऑगस्ट."
"तोवर..." म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधायला लागली.

१९ एप्रिल, शनिवार
अर्जाची मुदत उद्या संपते. सकाळी जुईला सांगून टाकलं, "माझ्यासाठी अडू नकोस, भर." निम्मं मनापासून. उरलेलं निम्मं इथेच लिहिते: जाऊ नये तिने.
ती पिशवी उचलून शाळेत गेली.
दापोलीच्या वाळूच्या बरणीशेजारी आता दुसरी बरणी आहे. धरणाची वाळू, धुऊन वाळवलेली. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी: राजूरचा समुद्र. सोबत न्यायला भरली की इथे ठेवायला, कोण जाणे.
दुपारी दोघं शाळेतून आली, चहा मागितला. डबा उचलला असता तर खाली कागद आहे की गेला, ते कळलं असतं. सगळ्यांना लिंबाचं सरबत दिलं.