नळाचं पाणी आणि माझं संवादकौशल्य

४ मार्च २०२५
महापालिकेत लोकसंपर्क अधिकारी म्हणून आज एकोणीस वर्षं पूर्ण. या काळात एकही मोर्चा ऑफिसचा जिना चढू दिला नाही. (दोनदा लिफ्टने आले. तो लिफ्टमनचा दोष.) संकल्प: यंदा प्रमोशन.

५ मार्च
लिंबायत भागातल्या मंगलदीप नगरात नऊ दिवस नळाला घाण वास. चौदा मुलं जुलाबाने आजारी, म्हणे. पाणीखात्याचे भूपेंद्रभाई म्हणाले, खोदकाम महिनाभर तरी होणार नाही, तुम्ही जाऊन लोकांना शांत करा. म्हणजे प्रश्न पाइपचा नाही, संवादाचा आहे. इंजिनिअर लोकांना हे कधी कळणार?

६ मार्च
भाषण तयार. चाळीस मिनिटं. विषय: 'पाणी आणि आपली मानसिकता'. सुलभाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना पाइप बदलून हवाय ना? बायको बँकेत असली की असंच. कल्पनाशक्ती शून्य.

८ मार्च, सायं. ७.३०
सभा झाली. दीडेकशे माणसं, बहुतेक खानदेशी, कापडाच्या लूमवरून सुटून तशीच आलेली. केसांत धाग्यांचे तुकडे. सभेला यायची ही पद्धत? पाणी तपासलंय, उत्तम आहे, असं मी ठणकावून सांगितलं. (तपासलं नव्हतं. पण आवाजात विश्वास हवा.)
बाराव्या मिनिटाला शोभाबाई नावाची बाई उठली. तिची नात सलाईनवर. नळाचं पाणी ग्लासात भरून पुढे आली. "साहेब, पानी चांगलं शे ना? मंग पयले तुम्ही पी दखाडा."
पाणी पिवळसर. वास होताच. पण माघार घेईन तो मी कसला! घटाघटा प्यालो. टाळी एकही नाही. सगळे रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिले. यालाच म्हणतात पकड.

९ मार्च, सकाळी ७
सहा वेळा. बहुधा सुलभाची आमटी.

दुपारी १
अकरा. आमटी सुलभानेही खाल्ली होती. ती ठणठणीत. तिची प्रकृती मुळातच उद्धट.

१० मार्च
हॉस्पिटल. मलाही सलाईन. शोभाबाईची नात शेजारच्याच वॉर्डात निघाली. सहा वर्षांची आहे. बाई तिच्यासाठी पेज घेऊन आली, थोडी मलाही दिली. म्हणाली, "माले वाटनं नव्हतं साहेब, तुम्ही पिशात." रडत होती. मी तिला मोठ्या मनाने माफ केलं. पेज बरी होती. परत मागितली.

१२ मार्च
काल पेपरात बातमी: 'गढूळ पाण्याने अधिकारी आजारी'. ऑफिसात बोंब. भूपेंद्रभाईंनी कालच जेसीबी लावला. पाइप गटाराजवळ फुटला होता. महिन्याचं काम, दीड दिवसात. माझ्या भाषणाचा हा परिणाम! बातमीत भाषणाचा उल्लेखच नाही. पत्रकारितेचा दर्जा पार घसरलाय.

१८ मार्च
कामावर हजर. शोभाबाईची नातही घरी गेली, असं कळलं.
टेबलावर पांडेसरा भागातल्या एका सोसायटीचा अर्ज. त्यांच्याही नळाला वास. मलाच पाठवा, अशी आग्रहाची विनंती. साठ सह्या. एकोणीस वर्षांत जनतेने मला पहिल्यांदा बोलावलंय. नाव माहीत नसावं. 'पाणी पिणारे साहेब' असं लिहिलंय. खाली लाल शाईत: भाषणाची गरज नाही.
त्याखाली भूपेंद्रभाईंची सही. मंजूर. उद्या सकाळी दहा वाजता.