खोलीची कौलं कोण चाळतं?

१७ एप्रिल २००७

वज्रेश्वरीच्या जत्रेहून आत्ताच आलो. पाय गेले कामातून, पण काय मजा आली! एसटीत सगळं आमचंच गाव. सासूबाई यंदाही आल्या नाहीत — "माझं गुडघं दुखतान. तुमी जा." दरवर्षी ऐन जत्रेलाच कसे दुखतात कोण जाणे! त्यांना खाजं आणलं. खाल्लं चांगलं वाटीभर.

१८ एप्रिल

देवळाच्या आवारातल्या खोलीला दोन कुलपं! एक पंचायतीचं, एक देवस्थानचं. आणि बाहेर मी, एकोणीस पोरं घेऊन. अकरा वर्षं तिथं बालवाडी चालवतेय, संध्याकाळी बायकांची बैठक असते — कधी कुणी मालकी काढली नाही. आता पलीकडे गोडाऊनं झाली, जागेला भाव आला, आणि सगळ्यांना खोली आठवली.

सरपंच चांगदेवभाऊ म्हणे, "खोली पंचायतीची हाय." देवस्थानचे केसरीनाथकाका म्हणे, "आवार देवाचं, म्हंजे खोलीबी देवाचीच." मी विचारलं, मग ही पोरं कुणाची? दोघंही आपापली किल्ली घेऊन चालते झाले.

पारावर गाणी घेतली. पोरं खूश — भिंतच नाही!

२४ एप्रिल

अजून पारावरच. ऊन चढलं की सोडून द्यावं लागतं. अशानं बालवाडी बंद पडेल. रडू आलं आज, पोरांदेखत.

सासूबाई म्हणाल्या, "गोदू, कुलूप काय कोनीबी लावील. पावसाआदी कौलं कोन चाळतं, ते ईचार."

शाकारणी! कौलं झाडायची, फुटकी बदलायची, ज्याचं घर त्यानंच करायची — आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मला कसं सुचलं नाही?

१ मे

ग्रामसभा. उभी राहून विचारलं, "खोलीची शाकारणी दरसाल कोण करतं?"

चांगदेवभाऊ — "कोन म्हंजे? देवस्थान करतंय ना!"

केसरीनाथकाका उडालेच — "आमी? आमाला वाटं पंचायत करतं!"

सभा हसून हसून लोळली. शेवटी ते दोघंही हसले. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं — खोली गावाची. शाकारणी जो करील, देखभाल त्याची, किल्लीही त्याच्याकडे. कुणी हात वर करेना. "आम्ही बायका करू," मी बोलून बसले!

३ मे

बायका कौलांवर चढणार म्हणून गावभर खसखस. चढणारच!

६ मे

चढलो! बैठकीतल्या तुळजा, करिष्मा आणि मी, पदर खोचून. खाली सगळे पुरुष माना वर करून उभे. एवढ्यात तुळजा आढ्याजवळून ओरडली, "अगो, हितं करायचं काय? सगली चाळलेली हायेत!"

खरंच. एक कौल फुटकं नाही, पाल्याचं पान नाही. चार तर नवीकोरी. त्यांच्यावर गेरूची फुली — आमच्या गोठ्यामागच्या थप्पीतल्या कौलांवर असते तीच.

कुणाला काही न बोलता शिडी उतरले.

७ मे

सासूबाईंनी कबूल केलं — कौलं त्याच चाळतात. आधी सासरे करायचे, तेही जत्रेच्याच दिवशी, गुपचूप. ते गेल्यापासून नऊ वर्षं या एकट्या. गाव जत्रेला गेलं की शिडी लावायची. "बाईमानूस वर चढलं तं लोक नावं ठेवतान."

किल्ली त्यांच्या कमरेला खोचली. सारख्या चाचपून बघतायत.

गुडघे मात्र खरंच दुखतात त्यांचे. पुढच्या चैत्रात माझ्याबरोबर जत्रेला येणार म्हणाल्या. शाकारणी मग आल्यावर, भर गावादेखत.