डाव्या बाजूची मावशी

चिरंजीव ढब्बू,

मंगळवार, चार मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. ही वेळ नीट लिहून ठेव. तोपर्यंत मला एक भाचा होता, त्यानंतर नुसता एका खासगी शाळेचा संचालक उरला. आशीर्वाद आहेतच (तोंडदेखले). सूनबाईची पाठ कशी आहे? तुझ्या आईचा गुडघा? माझी तब्येत उत्तम. ती सगळ्यांना दिसतेच आहे म्हणा, कारण मी चौकात दोन मजले उंच टांगलेली आहे.

मी औषधांच्या दुकानातून डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन निघाले होते. दुकानदार (ज्याने पंधरा वर्षांत मान वर करून मला सुटे पैसे दिलेले नाहीत) पायरीवर येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेत शिकवायचात होय? तरीच." त्याचं ते 'तरीच' मला अजून टोचतंय. वर बघते तर काय, तुझ्या शाळेच्या जाहिरातीचा फलक, त्याच्या उजव्या बाजूला हातात टॅब घेऊन उन्हात हसणारी एक मुलगी (हीच मुलगी पलीकडच्या गल्लीत टूथपेस्टसाठीही हसते, हसण्यातून तिला शाळेत जायला सवड कधी मिळते कोण जाणे) आणि डाव्या बाजूला, राखाडी रंगात, मी. डोक्यावर 'अशी शाळा आठवते?' आणि पोटावर 'विसरा!' अरे मेल्या, पोटावर? फोटो तुझ्याच लग्नातला. शेजारी उभी असलेली तुझी आई कापून टाकलीस, पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला, त्यामुळे मला कुणीतरी पकडून नेतंय असं वाटतं. आणि तो चेहरा शिस्तीचा नाही, दाढेचा आहे. तुझ्या लग्नात माझी खालची दाढ ठणकत होती, तरी मी गालावर हात न ठेवता शेवटपर्यंत उभी राहिले, कारण एकुलत्या एका भाच्याचं लग्न. त्याचं हे फळ.

वास्तविक मी आयुष्यात कुणाला दोन ओळी शिकवलेल्या नाहीत. मी रेल्वेत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर नोकरी केली. लोक यायचे, दुसऱ्याची छत्री आपली म्हणून सांगायचे, आणि मी नुसती बघायची. हे बघणं मला कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी दिलं. त्या ओरडत नसत, चष्मा काढून पुसत, आणि मागच्या बाकापर्यंत प्रत्येकीला आपापलं पाप आठवे. पण ते राहू दे. पहिलीत अकराच मुलं आहेत, महिनाअखेर पंचवीस झाली नाहीत तर संस्था वर्ग बंद करणार आणि पहिलीच्या बाईंना घरी बसवणार, हे तू माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच रुमालाला नाक पुसत सांगितलंस. मलाही वाईट वाटलं. म्हणून तू तो दाढीवाला जाहिरातवाला नेमलास, तेव्हाही मी गप्प बसले. त्याने दप्तरं फुकट वाटली, भावामागे बहिणीला फी कमी केली, पटांगणात हवेचा किल्ला उभा केला (ज्यात पहिली उडी संचालकांनी मारली आणि किल्ला पडला). प्रवेश एकानेही वाढला नाही. सगळे उपाय संपल्यावर मावशी आठवते, हा आपल्या घरातला जुनाच रोग.

मी थेंबांची बाटली पर्समध्ये टाकली आणि तडक शाळा गाठली. म्हटलं, आज ढब्बूचा कान धरायचाच. तर तुझ्या ऑफिसबाहेर ही भलीमोठी रांग. मी दारात पाऊल टाकलं आणि रांग चिडीचूप झाली. एका बापाने फोन खिशात घातला. फॉर्म देणारी तुझ्या ऑफिसातली मुलगी उठून उभी राहिली. (तू पडद्यामागे लपला होतास. बूट दिसत होते. एक लेस सुटलेली होती.) एका आईने मुलाला पुढे ढकललं आणि म्हणाली, "याच त्या बाई. आता बघते कसा जेवत नाहीस ते." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुझा दाढीवाला लोकांना माझी भीती घालायला गेला आणि लोक उजव्या बाजूला ढुंकूनही न बघता डावीकडच्या बाईसाठी धावत आले.

आता खोटं खपवून घेणं माझ्या रक्तात नाही. मी तिथेच सांगितलं की मी इथे शिकवत नाही, मी संचालकांची मावशी. शिकवतात त्या पहिलीच्या बाई, आणि त्या आवाजही चढवत नाहीत. रांग चुळबुळली. दोघं तर दाराकडे वळलेसुद्धा, आणि मला वाटलं, गेला ढब्बूचा वर्ग माझ्या तोंडामुळे. तेवढ्यात पाचेक वर्षांची एक चिमुरडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खिडकीतून समोरच्या चौकातला फलक दिसत होता. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आपला हलणारा दात जिभेने ढकलत विचारलं, "आजी, तिथे तुझा दात दुखत होता ना?" अरे, सख्ख्या बहिणीला जे लग्नाच्या दिवशी कळलं नाही ते या पोरीला रस्त्यापलीकडून कळलं. मी हसले. रुमाल शोधावा लागेपर्यंत हसले. मग आख्खी रांग हसली, पडद्याखालचे बूटही हलले, आणि दाराकडे वळलेला एक बाप परत येऊन म्हणाला, "मावशी तर मावशी, शाळेत येणार ना पण?"

संध्याकाळी फॉर्मवाल्या मुलीने फोन करून सांगितलं की पहिली भरली आणि बाई रडल्या. त्याबद्दल अभिनंदन. पण त्याने गुन्हा धुतला जात नाही. फलक ताबडतोब उतरव आणि लेखी माफी माग, ती टाइप केलेली नको, हाताने लिहिलेली हवी.

तुझी (सध्या चौकात मुक्कामी) मावशी

ता. क. फलक रविवारपर्यंत उतरवू नकोस. तुझ्या आईला स्वतःचा हात बघायचाय. एकटा हात असला तरी एवढा मोठा तिचाही कधी कुठे लागला नव्हता. पोटावरचं 'विसरा' मात्र आजच झाक.

आणखी एक. ती दाढ गेल्या वर्षी काढली. तो चेहरा आता मला जमत नाही. आरशासमोर बसून खूप प्रयत्न केला, शेवटी हसूच येतं. पालकांना त्या चेहऱ्याचा शब्द देऊ नकोस.

शेवटचं. ती चिमुरडी आपली पाण्याची बाटली बाकावर विसरून गेली, ती मी आणली आहे. मालकाने स्वतः येऊन ओळख पटवल्याशिवाय वस्तू द्यायची नाही, हा नियम मी नोकरीभर मोडला नाही, आता काय मोडणार. तेव्हा शाळा उघडेल त्या सकाळी मी बाटली घेऊन फाटकात असेन. पुढेही मुलं टोप्या, डबे विसरणारच, त्यांना खिडकी लागेल. जिन्याखालचं कपाट रिकामं कर आणि एक खुर्ची ठेव, हात असलेली. कबूल असल्याचं लेखी उत्तर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारात पाहिजे, आणि ते घेऊन तूच ये. बुटाची लेस बांधून.