मूर्तीचा उजवा हात

तेर, बुधवार, दिवेलागण

आज भानुदासचा सत्कार झाला. म्हणे गावाची दोन हजार वर्षांची ओळख यांनी मातीतून वर काढली! मीही टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या?

ज्या मूर्तीसाठी हा सत्कार, ती मला सापडली होती. विशीतली गोष्ट. घराच्या माळवदाच्या छतावर घालायला गावाबाहेरच्या जुन्या टेकाडाची पांढरी माती भानुदास आणि मी चाळत होतो. माझ्या चाळणीत वीतभर उंचीची, भाजल्या मातीची बाई आली. काय तिचं हसू! मी हरखून शाळेतली कविता म्हणायला लागलो, सगळी कडवी. संपेपर्यंत हा तिला उपरण्यात गुंडाळून घरी गेलेला. तिचा तुटलेला उजवा हात तेवढा चाळणीत राहिला.

सत्कारानंतर त्याला बाजूला घेऊन तो हात दाखवला. गडी शालीतच घामेजला.

"दे की लेका. मूर्ती लई देखणी दिसंल."

"आधी माईकवर सांग, कुणाला घावली ते."

"आता? शाल घेतल्यावर? लोक तोंडावर थुंकतील."

"मग राहू दे तिला थोटी."

म्हणताना काय गोड वाटलं! घरी आल्यापासून मात्र टोचतंय. थोटी ती राहणार, तो नव्हे. तिनं माझं काय वाकडं केलं?

काहीच नाही. तरी देणार नाही. मूर्ती बघायला येणारा प्रत्येक पाहुणा त्याला हाताबद्दल विचारणार. तो थाप मारणार, आणि हात माझ्यापाशी आहे हे आठवून अडखळणार. अडखळू दे. मरेपर्यंत.